कारभारीण फुकट देणे आहे

किस्से गोचिडांसारखे असतात. एक वेचून काढावा, तर त्याच्या खाली दोन बसलेले. आमच्या फिरत्या दवाखान्याचे किस्से मी कधी मुद्दाम साठवले नाहीत, त्यांनीच मला धरून ठेवलं. हसायला मिळतं म्हणून लोक ऐकतात. ऐका बापडे! मला तेव्हाही फारसं हसू आलं नव्हतं.

*

सोलापुरातल्या एका धर्मादाय संस्थेला परदेशातून एक गाडी भेट आली होती. तिला स्वतःचं इंजिन नाही, जीपच्या मागं जोडायची. आत एक खाट, एक ओटा आणि औषधांची कपाटं. कागदावर नाव होतं कॅरॅव्हॅन. आमचा जीप ड्रायव्हर मल्लाप्पा अक्कलकोटकडचा. त्याची जीभ दोनदा अडखळली आणि तिसऱ्यांदा तो म्हणाला, "कारभारीण! जीप पुढं, ही मागं मागं. मग कारभारीणच की!"

नाव चिकटलं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामांवर आम्ही तिला घेऊन फिरलो. बाया हातोडा खाली ठेवून विचारायच्या, "कारभारीण परत कवा येनार?" मी त्या गाडीवरची आया. बाळंतपणं केली, जखमा धुतल्या, आणि जे गेले त्यांचे डोळेही मीच मिटले.

तीनेक वर्षांत छत गळायला लागलं, तळ गंजला, एक चाक लंगडं झालं. नवी मोटार आली, तिच्यावर शिकलेली नर्स आली. सेक्रेटरी मला म्हणाले, "मावशी, जुनी गाडी आवारात आहे तोवर तिची राखण तुमच्याकडे. ती गेली की..." पुढचं त्यांनी चहाबरोबर गिळलं. पण मला कळलं. गाडी गेली की माझी नोकरी गेली!

*

गाडी फुकट द्यायची, नेणाऱ्यानं ओढून न्यायची, असं ठरलं. पाटी रंगवून आणायचं काम मल्लाप्पावर आलं. त्यानं नवी पेठेतल्या पेंटरला मजकूर तोंडी सांगितला आणि पेंटरनं ऐकला तसा रंगवला: 'जुनी कारभारीण. जशी आहे तशी, चाकांसह, फुकट देणे आहे. चौकशी : मल्लाप्पा ड्रायव्हर.'

मल्लाप्पाच्या गावचा कुणीतरी बाजाराला आला होता. त्यानं फाटकावरची पाटी वाचली आणि गावात जाऊन सांगितली. तिसऱ्या दिवशी मल्लाप्पाची बायको संगव्वा एस.टी.नं येऊन फाटकात उभी. एक बोट पाटीकडे, दुसरा हात कमरेवर.

"जुनी म्हंतोस, व्हय? दे की फुकट! पर माजी चाकं कुटं हायत, ती आदी दाखीव!"

मल्लाप्पा आठ दिवस जीपखालून बाहेर आला नाही. दुरुस्ती चाललीय म्हणायचा.

*

मग मेहबूबभाई भंगारवाला आला. त्यानं दार उघडून आत पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत खाली गेला. पत्र्यातून त्याचा पाय बाहेर लोंबतोय आणि वरून तो म्हणतोय, "मावशी, ये भंगार नै! भंगार होने कू बी कुछ तो बचना पडता!"

त्याचा पाय मीच सोडवला, टिंक्चर लावलं. त्या गाडीतला तो शेवटचा पेशंट. सगळे पोट धरून हसले. मीही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. माझा आणखी एक महिना निघाला होता ना!

*

पुढं एक रसवंतीवाला तयार झाला. त्यानं तळाला फळ्या ठोकल्या, आत चरक बसवला, चरकाला घुंगरं बांधली आणि गाडी चौकात उभी केली. पण पोरं लांबूनच भोकाड पसरून पळायला लागली. उसाच्या वासाआधी आतून दवाखान्याचा वास यायचा! एक म्हातारी तेवढी धीराची निघाली. रसवंतीवाल्यानं तिच्यापुढं ग्लास धरला, तर तिनं पदर सारून दंड पुढं केला आणि डोळे घट्ट मिटून म्हणाली, "दे टोचून. पर हळू!"

चौथ्या दिवशी कारभारीण माहेरी परत!

*

त्या वासाचं मला नवल वाटत होतं. वर्षभर बंद पडलेल्या गाडीला इतका ताजा वास कसा? एका सकाळी लवकर आवारात गेले. आमचा कंपाउंडर व्यंकटेश, विणकराच्या घरातला, कधी कुणाला मोठ्यानं न बोललेला माणूस, आत फिनेल शिंपडत होता. मल्लाप्पा दाराशी पहाऱ्याला. रसवंतीवाल्याकडेही हे दोघं दुकान उघडायच्या आधी जाऊन येत होते म्हणे!

"काय चाललंय?"

"मावशी," व्यंकटेश खाली बघत म्हणाला, "गाडी गेली तर तुमी कुटं जानार?"

"मी मागितली होती का तुमची दया? नवरा गेला तेव्हा कुणापुढं पदर पसरला नाही, आता फिनेलवर जगू?"

व्यंकटेश रडला. मी नाही. सोडा आणि कढत पाणी घेऊन तीन दिवस ती गाडी घासली. वास गेला. घासताना आपण काय धुऊन टाकतोय ते मला पक्कं ठाऊक होतं.

*

आता एकच किस्सा राहिला. हा मी फार जणांना सांगत नाही.

एक माणूस बैलजोडी घेऊन फाटकाशी आला. म्हणाला, "कारभारीण न्यायला आलोय." मल्लाप्पा हसायला गेला आणि माझं तोंड बघून थांबला. मी त्या माणसाला ओळखलं होतं. दुष्काळात खडीच्या कामावर त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात आमच्या खाटेवर गेली. मूलही गेलं. हा बाहेर पायरीवर बसून होता.

तो आत चढला. खाटेपाशी उभा राहिला.

"डोस्कं कुन्या अंगाला हुतं?"

मी खिडकीकडे बोट केलं.

"गाडीचं काय करणार?" सेक्रेटरींनी विचारलं.

"ठिवनार."

क्लार्कनं कागद काढला. नेणाऱ्यानं ताबा घेतला, राखणदारानं सोडला, खाली दोघांच्या सह्या. आणि माझ्यापुढं शाईचा पॅड सरकवला. माझं टाळकंच फिरलं! शाळेची पायरी मी चढले नाही, औषधांच्या बाटल्यांवरून अक्षरं शिकले. पहिला शब्द वाचला तो 'विष'. तेव्हापासून वाचल्याशिवाय काही घेतलं नाही की दिलं नाही. कागद ओढला आणि सगळा मोठ्यानं वाचला. क्लार्कनं 'राखनदार' लिहिलं होतं, त्याच्याच पेनानं 'न'चा 'ण' केला. 'आजपासून राखणदाराची सेवा संपली' हेही मीच वाचलं. आवाज हलू दिला नाही.

"करा मग सही, मावशी," क्लार्क वरमला.

"आधी त्यांची."

त्या माणसानं अंगठा शाईत टेकवला आणि कागदावर उमटवला. खडी फोडून फोडून अंगठ्याच्या रेघा पार झिजलेल्या. कागदावर नुसता काळा ठिपका. क्लार्कला माझ्यावरचा राग कुणावर तरी काढायचाच होता. "वा रे अंगठेबहाद्दर! ह्याला तर अंगठाही धड येत नाही!"

मी पेनाला टोपण लावलं, पॅड जवळ ओढला आणि त्या ठिपक्याच्या शेजारी माझा अंगठा दाबला.