सगळ्यात शेवटी बोलणारे साहेब

काल किल्ल्या ठेवताना दाराशी असलेल्या ताडाच्या पानांच्या परडीला वाळक्या गवताचा वास आला आणि फार वर्षांपूर्वी बोट्स्वानाहून आलेले आमचे साहेब आठवले. त्यांच्या देशाला समुद्र नाही, बराचसा भाग वाळवंट. इथे परदेशात, बंदराजवळच्या तांजोंग पगार भागातल्या ऑफिसातून बंदरातली जहाजं ते हरखून बघत उभे राहायचे. पहिल्या मीटिंगला आम्ही सवयीने माना डोलवायच्या तयारीत बसलो, तर ते बोलेचनात. "आमच्या गावसभेत प्रमुख सगळ्यात शेवटी बोलतो," असं म्हणून त्यांनी दाराजवळ बसलेल्या मलाच, तेव्हाच्या सगळ्यात नवीन मुलीला, विचारलं, "तुम्ही सांगा." मी सांगितलं, की सोमवारी नवी सिस्टीम सुरू केली तर लॉगिन बंद पडेल, माझ्या चाचणीत दोनदा पडलंय. कुणीतरी हसलं. साहेबांनी नुसता हात वर करून त्याला थांबवलं, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाले, "सोमवार रद्द." मायदेशी परत जाताना ही परडी त्यांनी मला दिली. पुण्याला परत राहायला जायचं का, यावर काल लेकीसाठी माझं भाषण तयार होतं, ते गिळलं आणि म्हटलं, "आधी तू सांग." "शुअर, आई? लाँग स्टोरी लाह," ती इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली आणि बोलायला लागली, तिच्या मनात इतकं काही होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.