चित्रातल्या बाईने खिडकी उघडली

भुताखेतांच्या अनुभवांचा हा धागा मी आजवर नुसता वाचत आले, तेही थोडं हसत. मी केमिस्ट आहे; भूत-बित माझ्या डोक्यात बसत नाही. पण मागच्या हिवाळ्यात जे घडलं ते मला अजून स्वस्थ बसू देत नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. माझा नवरा समीर याने एका एस्टेट सेलमधून, म्हणजे कुणाच्या तरी घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून, एक ऑइल पेंटिंग आणलं होतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं, अगदी फोटोसारखं. साधं स्वयंपाकघर, टेबलाशी बसून बटाटे सोलणारी एक बाई, मागे बंद खिडकी. बस, एवढंच. ते डायनिंगच्या भिंतीवर लावलं.

जानेवारीत सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. त्या दिवशी बाहेर बर्फाचं वादळ, समीर ऑफिसात अडकलेला. दुपारी माझं डोकं ठणकत होतं... आईही (सासूबाईंना मी आईच म्हणते) सकाळपासून मलूल. मी सोफ्यावर आडवी होणार, तेवढ्यात त्या डायनिंगमधून म्हणाल्या, "अगं, या बाईने खिडकी उघडली बघ."

"आई, चित्र आहे ते. पडा जरा."

"चित्र आहे ते कळतं मला. तू इकडे ये."

मी वैतागूनच गेले. आणि — कसं सांगू — खुर्ची रिकामी होती. बाई खिडकीशी पाठमोरी उभी, काच वर सरकवलेली, पडदा आत फुगलेला...

मी कोट उचलले, आईंचा हात धरला आणि थेट बर्फात बाहेर. पायरीवरच आईंना उलटी झाली, तेव्हा ९११ ला फोन केला.

घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा धूर बाहेर टाकणारी नळी बर्फात गाडली गेली होती. घरभर कार्बन मोनॉक्साइड, वासही न येणारा विषारी वायू. त्याचा अलार्म बंद पडलेला. "तुम्ही झोपला असतात तर..." फायर डिपार्टमेंटचा माणूस म्हणाला.

हॉस्पिटलमधून परतलो तेव्हा बाई खुर्चीत होती, खिडकी बंद.

समीर म्हणतो, "यार, त्या गॅसने भास होतात." होतात, मला माहीत आहे. पण मी काय पाहिलं ते न सांगता मी आईंना विचारलं, बाई कशी दिसली?

"पाठमोरी," त्या म्हणाल्या. "पडदा आत येत होता ना."

दोघींना एकच भास? समीर म्हणतो, विकून टाकू. मी नको म्हणते. पण जेवताना दर दोन घासांनी नजर तिकडे जाते... खिडकी बंद आहे ना, ते बघायला.