शिव्यांसकट व्हिडिओ

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीतल्या काकांना कशाचाही व्हिडिओ काढायची खोड आहे. नळ गळू दे, पार्किंगवरून भांडण होऊ दे, काकांचा मोबाईल वर. शिवाय स्वतःच बोलत राहणार, "बघा, सव्वानऊ वाजले. बघा." माझं डोकंच फिरायचं.

एकदा मी कामावरून आलो, तर आमचा कुत्रा बंड्या आनंदाने धावत येता येता गॅलरीतच आडवा झाला. "फिट आली!" म्हणत कुणी कांदा आणला, कुणी त्याच्या नाकाला चप्पल लावली. काका मात्र मोबाईल धरून उभे. मी त्यांना नाही नाही ते बोललो. ते हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरांनी तोच व्हिडिओ तीनदा पाहिला. "पाय झाडत नाहीये, अंग सैल पडलंय आणि शुद्धीवर येताच तुम्हाला ओळखतोय. ही फिट वाटत नाही, चक्कर वाटते. हृदय तपासू." दुखणं हृदयाचंच निघालं. औषध लागू पडलं.

काकांचे आभार मानताना मी ओशाळून म्हटलं, "माझ्या शिव्या तरी कापायच्या होत्या."

"कशा कापू? तुझा आवाज ऐकूनच त्याने मान वर केलीये. बघ."