गोठ्यातलं व्हीपीएन

घरात एक मोबाईल आला की मागोमाग किश्शांची रांग लागते. जुने सांगून होईपर्यंत नवे दोन जमतात.

तर आटपाट गाव होतं, लोधिवलीच्या अलीकडं. तिथं एक म्हातारा, एक म्हातारी म्हणजे मी, आमची सून सुलभा आणि नात कविता राहत होतो. मुलगा गेल्यापासून सुलभा फार्महाऊसवर भांडी घासून घर चालवायची. कविताला मुंबईच्या कंपनीत घरबसल्या काम लागलं, पण कच्चं. ती पक्की झाली की आईची भांडी सुटणार, एवढंच आमचं मागणं.

कंपनीची अट, काम व्हीपीएन लावूनच करायचं.

"ते काय गं?"

"आजी, आपण काय पाठवतो ते वाटेत कुणाला दिसत नाय."

"म्हणजे झाकलेली पाटी. आत लाडू हायत का सुके बोंबील, कुणाला कळायचं नाय."

"बरोब्बर."

"बोंबलाचा वास येतो की गं."

कवितानं लॅपटॉप उचलला नि गोठ्यात गेली. रेंज तिथंच येते.

एकदा साहेबांबरोबर मिटिंग चालू होती आणि म्हशीनं भलामोठा उसासा टाकला.

साहेब म्हणाले, "खोलीत कोण आहे? गुप्त माहिती आहे, दुसरं कुणी चालणार नाही."

"घरचीच आहे, सर."

"तिला बाहेर पाठव."

"बांधलेली आहे, सर."



शेजारच्या बबननं हे ऐकून मोबाईलवर फुकटातलं व्हीपीएन घेतलं. गावभर सांगत सुटला, "मी कुठं हाय, कुणाला कळणार नाय. मोबाईल म्हणतो मी जर्मनीत हाय." संध्याकाळी चौक गावच्या हॉटेलात जेवला आणि ताटाचा फोटो स्वतःच स्टेटसला टाकला. घरी आला तर बायको शेवंता दारातच उभी.

"जर्मनीत संकष्टीला कोंबडी चालते का वो?"

मी कर्जतला परकर घ्यायला गेले. दुकानातला पोरगा म्हणतो, "आजी, मोबाईल नंबर सांगा."

"परकराला नंबर कशाला रं?"

"ऑफर आली की कळवू."

"मग तुझा दे. परकर फाटला की मीच कळवीन."

आणि हा परवाचा. कविता अंघोळीला गेली होती. तिचा फोन वाजला, मी उचलला.

"आजी, ऑफिसातून बोलतोय. कविताचा पासवर्ड ठाऊक आहे का?"

ठाऊक होता. आजोबांचं नाव ठेवलंय, असं तिनं मला सांगितलं होतं.

"ठाऊक हाय," म्हटलं, "पण माझ्या तोंडून निघायचा नाय."

"नाही सांगितलात तर तिचं काम जाईल."

 तोंड उघडलं, पण नाव बाहेर येईना.

"निदान पहिलं अक्षर?"

"सासूसमोर कधी काढलं नाय, तुझ्यासमोर काढू?"

त्यानं फोन ठेवला. काम गेलं म्हणून कविता दिवसभर जेवली नाही.

संध्याकाळी साहेबांचाच फोन. "तो फोन आम्हीच करून बघितला होता. बाकीच्या घरांतून कुणी ना कुणी पासवर्ड सांगून टाकला. तुझी आजी काही बधली नाही. तू पक्की झालीस. पण आजीला हे शिकवलं कुणी?"

कविता माझ्याकडं बघायला लागली. म्हातारा ओटीवर विडी ओढत होता. मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

सोमवारी उन्हं अंगणात आली तरी सुलभा झोपलेली होती. कुणी उठवलं नाही.