पहिली प्लेट

आमच्या नागपुरात कुठे काय चांगलं मिळतं हे मला विचारल्याशिवाय वस्तीतलं कोणी घराबाहेर पडत नाही, असं आमचे हे चिडवतात. चिडवू देत. गांधीबागेच्या बाजारात साड्या घ्यायच्या तर दुकान उघडता उघडता जावं, पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती परतू नये म्हणून दुकानदार ढिगारे उपसून दाखवतो. सीताबर्डीवर चपला घेऊ नयेत, पडद्याचं कापड मात्र डोळे मिटून घ्यावं. सावजी रस्सा खायचा तर जिथे टेबलं फार चकाचक असतात तिथे पाय ठेवू नये. शाळा माझी सातवीतच सुटली, पण जिभेची शाळा काही सुटली नाही. आणि ही जीभ नुसती चव घेत नाही, बोलतेही फार. सगळं झालं ते तिथूनच.

आम्ही बारा-चौदा जण रोज सकाळी घराजवळच्या बागेत फिरतो. बाग तशी बरी आहे. कारंजं कधी चालत नाही, पण कडुलिंबाखालची सावली अशी की उन्हाळ्यातही आठपर्यंत बसता येतं. या बागेच्या फाटकाशी एका बाईचा तर्री-पोह्याचा ठेला. बाई चाळिशीची, घरात कमावणारी ती एकटीच. माहेर भिवापूरचं, म्हणून मिरची तिकडचीच, स्वतः निवडून, वाळवून, कुटून आणलेली. पोह्यावर हरभऱ्याची लालभडक तर्री, कांदा, आणि वरून सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर. सकाळची पहिली प्लेट ती मला द्यायची. मी चमचाभर खाऊन मान हलवली की मग बाकीच्यांच्या प्लेटा भरायच्या. हा रिवाज कोणी पाडला नव्हता, आपोआप पडला होता. मला तो आवडायचा, हे खोटं कशाला सांगू?

दिवाळीच्या आधी मला ताप आला. आठवडाभर अंथरुणात होते. उठल्यावर पहिल्याच दिवशी बागेत गेले. बाईने हसून प्लेट पुढे केली. मी चमचा तोंडात घातला आणि थांबले. घसा पोळला, डोळ्यांत पाणी आलं, पण चव म्हणून काही नाही. सगळे माझ्या मानेकडे बघत होते.

"बाई," मी सगळ्यांसमोर म्हणाले, "ही भिवापुरी नाही. बाजारची पावडर टाकून राहिली तू."

तिच्या हातातला तर्रीचा डाव हवेतच राहिला. "काकू, माहेरची मिरची आहे. तुमच्या घरीही त्यातलीच दिली होती ना."

"मले नको सांगू वं. ही जीभ काय आजची आहे?"

तिची मान खाली गेली. तिने माझ्या हातातली प्लेट घेतली, झाकणाने पातेलं झाकलं आणि पुसलेलाच ठेला पुन्हा पुसायला लागली. दुसऱ्या दिवसापासून आमचे सगळे बागेच्या मागच्या फाटकावरच्या ठेल्यावर जायला लागले. तिथले पोहे कोरडे, तर्रीत हरभरे शोधावे लागतात. पण माझा शब्द तो माझा शब्द. कोणीतरी आमच्या मोबाइलच्या ग्रुपवरही टाकलं की समोरच्या फाटकावर भेसळ सुरू झाली आहे. ते वाचून मला थोडी ऐट वाटली होती. आता सांगायला लाज वाटते.

पंधरा दिवस असेच गेले. एका शनिवारी दुपारी मी वरणाला फोडणी देत होते. आमचे हे बाहेरच्या खोलीतून धावत आले.

"अवं, काय जळून राहिलं? घर धुरानं भरलं!"

कढईत मोहरी कोळसा झाली होती. मी तिच्यावर वाकून उभी होते आणि मला वासच येत नव्हता. धूर दिसत होता, वास नव्हता. यांनी गॅस बंद केला. मग खाली बघत हळूच म्हणाले, "वरणही पंधरा दिवसांपासून खारट होऊन राहिलं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुझ्या हाताले एकदा नाव ठेवलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. ते अजून ऐकून राहिलो."

मला हसू आलं नाही. मी फळीवरची बरणी काढली. बाईने उन्हाळ्यात दिलेली भिवापुरी मिरची. चिमूटभर जिभेवर ठेवली. जीभ पेटली. पण तो वाळल्या मिरचीचा गोडसर वास, ज्यावरून मी डोळे मिटून भिवापुरी ओळखायची, तो कुठेच नव्हता. तिखट लागलं, मिरची लागली नाही. अगदी त्या दिवशीच्या तर्रीसारखं. पंधरा दिवस घरचं जेवणही बेचव लागत होतं, ते मी तापाच्या अशक्तपणावर ढकललं होतं. मी तिथेच पाटावर बसले.

बागेतल्या आमच्या मंडळींत एक निवृत्त मास्तरीणबाई माझ्या जवळच्या. त्यांना फोन लावला. म्हटलं, समोरच्या ठेल्यावर उद्या जायचं आहे. त्या म्हणाल्या, "उद्याच जा मग. उद्या तिचा शेवटचा दिवस आहे. परवापासून तिथे मोमोवाला गाडी लावते. गिऱ्हाईक नाही तर ती काय करणार? भावाकडे भिवापूरला जाऊन राहिली."

फाटकावरची जागा अशी असते की त्यावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. जो रोज उभा राहतो, त्याची. चार दिवस दुसरा उभा राहिला की त्याची झाली. परत मिळत नाही.

"ग्रुपवर लिही ना, चूक झाली म्हणून," हे म्हणाले. मी मोबाइल घेतला, दोन ओळी लिहिल्या, पुसल्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा पुसल्या. मी जे बोलले ते तोंडावर, दहा माणसांत बोलले होते. तिने ते ऐकताना खाली घातलेली मान मला दिसत होती. ती मान ग्रुपवर कशी वर येणार?

रविवारी सकाळी बागेतल्या फेऱ्या संपल्या. मंडळी मागच्या फाटकाकडे निघालीच होती. मी वाटेत आडवी उभी राहिले.

"थांबा. माझी जीभ गेली आहे. तापानंतर मले ना वास येत, ना चव. मी त्या बाईवर खोटा आळ घेतला."

मग एक काका म्हणाले, "तुमची जीभ गेली म्हणता, मग हे बोलून कोण राहिलं?" दोघे-तिघे हसले. एक ताई मात्र फणकारल्या, "आम्ही तुमच्या भरवशावर त्या बाईले काय काय बोललो!" आणि त्या सरळ मागच्या फाटकाने निघून गेल्या. त्यांच्या मागे अजून चौघे गेले. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

उरलेल्यांना घेऊन मी समोरच्या फाटकाशी आले. ठेल्यावर दोनच रिक्षावाले. बाजूला मोमोवाला उभा, पावलांनी जागा मोजत. बाईने आम्हाला पाहिलं, पण हात थांबवला नाही.

"काय काकू, आज काय काढून राहिल्या?"

"तुझी माफी मागायला आली, बाई. मिरची तुझीच होती. खराब मी होती."

तिने एक प्लेट ओढली. प्लेट भरली. पोहे, तर्री, कांदा, सांभार. ती माझ्यापुढे धरली, नेहमीसारखी पहिली.

"घ्या. आणि सांगा. सगळ्यांसमोर सांगा, कशी आहे."

मोमोवालाही मोजायचा थांबला. सगळ्यांचे डोळे माझ्या मानेवर. मी 'छान आहे' म्हटलं असतं तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं. पण तेही खोटंच झालं असतं, आणि एक खोटं बोलून झालं होतं. मी चमचा उचललाच नाही.

"मले नाही सांगता येत," मी म्हणाले. "आता तुम्हीच खा आणि तुम्हीच सांगा." प्लेट मास्तरीणबाईंच्या हातात दिली.

त्यांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. चष्मा काढून पदराने डोळे पुसले आणि नाक ओढत म्हणाल्या, "अव्वो माय! तीच आहे." मग रिक्षावाल्यांच्या मागे पाच-सहा हात पुढे झाले.

बाईने त्या सगळ्यांच्या प्लेटा भरल्या. मग मान न वळवता मोमोवाल्याला म्हणाली, "भाऊ, उद्या गाडी नका आणू. हा आठवडा मी पाहते."

सगळ्यांचं झाल्यावर मी प्लेटेसाठी हात पुढे केला. तिने तो बघितला.

"काकू, उद्यापासून पहिली प्लेट तुम्हाले नाही भेटणार. रांगेत लागा."

"लागते," मी म्हणाले.

ठेला अजून तिथेच आहे. गेलेल्या पाचांपैकी दोघे परत आले. माझ्या नाकात कधीमधी सांभाराचा वास येतो, मग दोन दिवस येत नाही. रोज रांगेत मी शेवटी उभी राहते. कोणी विचारलं, काकू, आज तर्री कशी झाली, तर मी पुढच्या माणसाकडे बोट दाखवते.