कुशाबा आचाऱ्याची पाठ

महाळुंगे पडवळचा कुशाबा आचारी भाताचं भरलं पातेलं एकट्यानं चुलीवरून उतरवायचा. कुणी मदतीला आलंच तर म्हणायचा, "सरका राव, तुमच्या पाठीत भरंल."

एका साखरपुड्यात त्याच्याच पाठीत भरलं. कमरेतून निघालेली कळ डाव्या तळपायापर्यंत गेली आणि पातेलं सोडून तो मांडवात आडवा झाला. सहा आठवडे गोळ्या, शेक, मालिश झालं, पण पाय बधिरच. शेवटी पुण्याला ऑपरेशन ठरलं.

"मणक्यांच्या मधली गादी फाटून आतला गर नसेवर आलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो काढू. पण भोक मोठं आहे. उघडं ठेवलं तर उरलेला गरही बाहेर येईल, गादी बसत जाईल. म्हणून भोक शिवून घेऊ."

"म्हंजी पंक्चरच की!"

"हो, पण ट्यूब जुनीच राहणार. जपायची तुम्ही."

शुद्धीवर आल्यावर कुशाबानं आधी डाव्या पायाची बोटं हलवली. हलली, कळही नव्हती. तो इतका हसला, की नर्सनं दटावलं, "हळू, टाके आहेत!"

तीन महिने वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. मळ्यातल्या वाटेनं तो रोज चालायचा. शिकवलेले व्यायाम करायला त्याला आधी लाज वाटायची. मग बायको अंजनाच सतरंजी अंथरून शेजारी आडवी व्हायची. तिचीही कंबर धरायची थांबली.

चौथ्या महिन्यात डिंभे गावातल्या एका लग्नाचं काम आलं. अंजनानं चुलीचा ताबा घेतला, कुशाबा उंच स्टुलावर बसला. पातेलं उतरवायला चौघं वाकले तसा तो ओरडला, "कमरंतून न्हाई! गुडघ्यात बसा, पातेलं अंगाजवळ घ्या, मग उठा!" चौघं उठबशा काढल्यागत बसले. बाया हसून लोटपोट झाल्या, पण पातेलं अलगद उतरलं.

एरवी पंगती उठल्यावर धुरानं मेलेल्या जिभेनं तो कसेबसे चार घास गिळायचा. आज यजमानांनी त्याला पहिल्याच पंगतीला खुर्चीवर बसवलं. पहिला घास घेऊन तो थबकला.

"अंजना, आमटीत मीठ कमी हाय गं."

"तुमच्याच मापानं टाकलंय!" वाढता वाढता ती म्हणाली. "वीस वर्षं लोक असंच खात्यात."

कुशाबानं निमूट मीठ मागितलं आणि आणखी एक वाटी आमटीही.