विमानातली खुर्ची

नातवाच्या गाडीत पट्ट्याचा खटका वाजला की तो उघडतो ना, हे मी अजून लगेच बघते.

लढाईच्या दिवसांत काका मुंबईला प्रवासी विमानांतल्या खुर्च्या काढून तिथे बॉम्ब ठेवायची सोय करत. त्यातली एक मोडकी खुर्ची त्यांनी आमच्या गावी, रनाळ्याला आणली. अंगणात मिरच्या वाळत होत्या. मी खुर्चीत बसून पट्टा लावला आणि डोक्यावर विमान घरघरलं. शत्रूचं समजून सगळे घरात पळाले. मला खटका उघडेना. मिरच्यांनी डोळे झोंबत होते.

काका धावत परत आले. "घाबरू नको बई, मी शे ना," म्हणत त्यांनी पट्टा सोडवला.

विमान आपल्याच सरकारचं होतं, निघून गेलं. काकांनी मात्र मला बराच वेळ कडेवरून खाली ठेवलं नाही. का, ते आता कळतं. माझ्या खुर्चीच्या जागी ठेवलेला बॉम्ब कुठल्या तरी अंगणात पडणार होता, आणि तिथल्या पोरीकडे धावायला काका नव्हते.